आमची वाटचाल : एका जुन्या डोझरपासून

बाबांनी 1988 साली कुर्ल्यात मिठीच्या काठाला भाड्याचा गाळा घेतला. तेव्हा आमचं काम एकच होतं, वेल्डिंग. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर कचरा सपाट करणाऱ्या डोझरचे शू, म्हणजे चेनीवरच्या लोखंडी पाट्या, झिजून गुळगुळीत व्हायचे, त्यांवर नव्या पट्ट्या चढवून द्यायच्या. डम्पिंगवर मशीनचे फार हाल होतात. कचरा आंबून सुटलेलं पाणी लोखंड खातं, आणि साड्या, नायलॉनच्या दोऱ्या, टायरमधल्या तारा चेनीवर फिरणाऱ्या रोलरच्या कडेला गुंडाळून आतलं तेल अडवणाऱ्या सीलात घुसतात. त्या तारा उपसायला मी शाळा सुटल्यावर पकड घेऊन खाली सरपटायचो. डोझर मला आधी कळला तो खालूनच.

26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठी आमच्या गाळ्यात आली. वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, मोटारी, सगळं गेलं. गिऱ्हाइकांची दोन इंजिनं उघडून ठेवली होती, त्यांत गाळ भरला. आईच्या हातात तेव्हा घर चालवण्यापुरतेही पैसे नव्हते, तरी बाबांनी ती दोन्ही इंजिनं आमच्या खर्चाने धुऊन, नव्या बेअरिंगा टाकून परत केली. पुढच्या वर्षी आम्ही मानखुर्दला आलो. त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाने आम्हाला आपल्या भिशीत घेतलं. स्वतःचं मशीन घ्यायचा विचार त्या भिशीच्या जोरावर सुरू झाला.

पहिली खरेदी फसली. 2008 मध्ये पनवेलच्या बाजूला एका माणसाकडे डोझर पाहिला. ताजा पिवळा रंग, अर्ध्या सेल्फमध्ये चालू झाला, धूर साफ. आमचे मिस्त्री चाचा त्या दिवशी गावी होते आणि मला घाई झाली होती. पंधरा दिवसांत एका बाजूचा फायनल ड्राइव्ह, म्हणजे चेन फिरवणारा शेवटचा गिअरचा डबा, बसला. उघडला तर आत तेलाऐवजी घट्ट ग्रीस कोंबलेलं, आवाज दाबायला. मशीन भंगारात घालावं लागलं. भिशीची एक अख्खी उचल गेली. चाचा परतल्यावर त्यांनी एकच विचारलं, “हाथ लगाके देखा था? इंजन गरम था क्या?” गरम होतं. आम्ही पोचायच्या आधी कोणीतरी ते तासभर चालवून ठेवलं होतं, आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गरम इंजिन लगेच लागतं, खोड कळते ती थंड इंजिनात.

2009 मध्ये रायगड जिल्ह्यात एका लिलावात डी-50 निघाला. भारत अर्थ मूव्हर्सने कोमात्सुच्या तंत्रावर बनवलेला, साधारण 12 टनांचा. अशी मशिनं आपल्याकडे पाटबंधाऱ्यांपासून शेत सपाटीकरणापर्यंत सगळीकडे राबली आहेत, त्यामुळे सुटे भाग आजही मिळतात. जुनं मशीन घेताना निम्मं गणित इथेच सुटतं. लिलावाची अट नेहमीची, जिथे आहे जसं आहे. करंजाच्या झाडाखाली तो कित्येक पावसाळे उभा होता. सीटमध्ये मुंग्यांचं वारूळ, पुलीवर वेल चढलेली. इंजिन जाम.

चाचा मात्र इंजिनाकडे वळलेच नाहीत. ते सरळ चेनपाशी उकिडवे बसले. चेन ताणून घेतली, एका पिनच्या मध्यापासून चार कड्या मोजून पाचव्या पिनच्या मध्यापर्यंत टेप लावली. या मशीनची एक कडी 175 मिलिमीटरची, म्हणजे नव्या चेनची चार कड्यांची लांबी 700 भरते. आमची 708 भरली. लोक म्हणतात चेन ‘लांबली’. लोखंड लांबत नाही, आतली पिन आणि तिच्यावरची नळी, म्हणजे बुश, एका अंगाने झिजतात आणि प्रत्येक कडीत दोन मिलिमीटरची फट पडते. 708 म्हणजे बुश अजून फुटलेले नाहीत, पिन-बुश अर्धा वळसा फिरवून कोऱ्या अंगावर आणता येतील. आणखी एक हंगाम चालवला असता तर चेनच फेकावी लागली असती. मग स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ओढणाऱ्या चाकाचे, दात बघितले, टोकदार व्हायला लागले होते. रोलरांच्या हबवर बोट फिरवलं, दोन ओले लागले, बाकीचे कोरडे. फायनल ड्राइव्हचा खालचा बोल्ट ढिला करून तेल तळहातावर घेतलं. काळं होतं, पण दुधाळ नव्हतं आणि त्यात लोखंडाचा चुरा नव्हता. चाचा उठले, हात पुसले आणि म्हणाले, “ले लो.”

चार लाख दहा हजारांना पडला. रात्री लो-बेड ट्रेलरवर खाडीपुलावरून आणला. तेव्हा मुंबईत जकात होती, मानखुर्दच्या नाक्यावर कागद दाखवण्यात पहाट झाली. बाबा थर्मासमध्ये चहा घेऊन नाक्यावरच येऊन थांबले होते.

दुरुस्तीला साडेचार महिने लागले. इंजिनाचं फार सांगण्यासारखं नाही. डिझेल ओतून ओतून पिस्टन सुटले, लायनर-पिस्टन नवे टाकले, पंप आणि नोझल बाहेर तपासून घेतले. वेळ खाल्ला तो खालच्या भागाने आणि स्टिअरिंगने. पावसाचं पाणी डोझर वळवणाऱ्या क्लचच्या कप्प्यात उतरून प्लेटी एकमेकींना गंजून चिकटल्या होत्या. उजवी बाजू लिव्हर ओढून धरून, पुढेमागे धक्के देऊन सुटली. डावी सुटेना. शेवटी सीट, डिझेलची टाकी काढून सगळं वर उघडावं लागलं.

चेन सोडताना आधी आयडलर, म्हणजे चेन ताणून धरणारं पुढचं चाक, त्याच्यामागच्या सिलिंडरमधलं ग्रीस सोडावं लागतं. इथे जी शिस्त चाचांनी लावली ती आमच्याकडे आजही कोणी मोडत नाही. तो ग्रीसचा बोल्ट एका फेऱ्यापेक्षा जास्त फिरवायचा नाही, आणि तोंड, हात, अंग, काहीही त्याच्या समोर आणायचं नाही. आत इतका दाब असतो की बोल्ट गोळीसारखा सुटू शकतो. नवीन पोराला मी पहिल्या दिवशी पान्हा धरायला नाही शिकवत, बाजूला उभं राहायला शिकवतो.

चेनीची दोन टोकं जोडणारी मास्टर पिन निघाल्यावर दोन्ही चेनी कळंबोलीला पिना दाबून काढणाऱ्या प्रेसवर नेल्या. गंजलेली पिन दाबाखाली पहिल्यांदा सुटते तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो. एकेक पिन, एकेक बुश फिरून बसत होता आणि मी हिशेब करत होतो, नव्या चेनींच्या तुलनेत आमचा किती तरी खर्च वाचत होता. सील आणि बेअरिंगांसाठी नागदेवी स्ट्रीटला किती फेऱ्या झाल्या ते मोजलं नाही. ब्लेडच्या कडेसाठी लागणारी जाड प्लेट जहाजं तुटायची त्या दारूखान्यातून आणली, जहाजाची होती, तिच्यावर जुन्या रंगाचे चार थर होते.

पहिलं काम म्हसळ्याजवळ मिळालं, आंबा-काजूच्या लागवडीसाठी उतारावर टप्पे करायचं. तिथले लोक विचारायचे, पोकलेन असताना डोझर कशाला? पोकलेन उकरतं, डोझर ढकलत नेतो आणि मागे सपाट जमीन सोडतो. त्या हंगामात खरेदीचे पैसे निघाले. मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. शेजारच्या बागवाल्याचा डोझर बंद पडला होता, त्याने आमचा चालताना पाहिला आणि स्वतःचा दुरुस्तीला मानखुर्दला पाठवला. तिथून कामाची दिशाच बदलली. 2014 मध्ये आम्ही स्वतःचा ट्रॅक प्रेस घेतला. आता भाड्याने मशीन देणं कमी आणि इतरांची जुनी मशिनं उभी करणं जास्त. हिशेब माझी बायको बघते. दुरुस्तीआधी प्रत्येक चेनीचं माप लिहून त्यावर मालकाची सही घेण्याची पद्धत तिनेच सुरू केली. त्यामुळे नंतरचे वाद जवळजवळ थांबले.

चाचा आता गावी असतात, डोळे अधू झालेत. डी-50 अजून आमच्याकडेच आहे. मागच्या महिन्यात चार कड्या मोजल्या, या चेनी दुसऱ्या आहेत, 704.

परवा माणगावचा एक तरुण आला होता, जुना डोझर घ्यायचा म्हणून. मोबाइलवर दहा फोटो होते, सगळे समोरून, धुऊन-पुसून काढलेले. मी त्याला चेनीचे, स्प्रॉकेटचे आणि हबचे फोटो काढायला परत पाठवलं. रविवारी त्याच्याबरोबर मी जाणार आहे, सकाळी सहालाच. मालकाला आम्ही अकराला येतो असं सांगितलंय.