सातशे तीसवाली मिसळ

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा आहार मी बघते. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहिणं २०२२ पासून सक्तीचं आहे. आम्हाला ते लागू नाही, पण एचआरच्या साहेबांनी कुठल्याशा मॉलमध्ये तसा मेन्यू पाहिला आणि आपल्याकडेही हवा म्हणाले. फोटो चांगला येतो ना!

पोह्यांचा हिशोब तासाभरात झाला. मिसळीने तीन दिवस खाल्ले. मटकी, फरसाण, दोन पाव काट्यावर ठेवता येतात. तर्री कशी ठेवणार? आचारी मामा तेल डब्यातून थेट ओततात आणि विचारलं की "अंदाज आहे, मॅडम" म्हणतात. शेवटी फोडणीआधी आणि नंतर तेलाचा डबाच तोलला, वाट्या मोजल्या, भागाकार केला. वाटीमागे वीस ग्रॅम. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तेलाच्या १८०. तेही सरासरी, कारण पहिल्या वाट्यांत तवंग जातो आणि शेवटच्यांना उरतो नुसता रस्सा. फळ्यावर लिहिलं: मिसळ ७३०, पोहे ३४०. कूपन दोन्हीला एकच.

सोमवारी नऊच्या सुट्टीत मी खांबाआड उभी राहिले. एरवी साडेनऊपर्यंत पुरणारं मिसळीचं पातेलं सव्वानऊलाच खरवडलं. रांगेत कुणीतरी म्हणालं, "एकाच कुपनात डबल भेटतंय, येड्या, पोहे कशाला घेतो?"

मामा खूश. "मॅडम, उद्या वाढवू का?"

अकाउंट्सच्या दोघींनी मात्र फळा वाचून पोहे घेतले. वर दोन-दोन जिलब्या.

फळ्याखाली मी नियमातलंच वाक्य लिहिलं होतं, प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. ते लिहिताना डोळ्यांसमोर खुर्चीत बसणारी माणसं होती, आणि इथे रांगेत निम्मे फाउंड्रीतले. भट्टीजवळ आठ तास उभं राहून कास्टिंग उचलणाऱ्याला मी काय कमी खा म्हणणार? आकडा त्यांना बरोबर कळला. त्यांना तो वेगळा कळावा असं मला वाटत होतं, एवढंच.

शेवटी आलेला हेल्पर पोरगा रिकामं पातेलं बघून माझ्याकडे वळला. "ताई, आता दुसरं कशात जास्त आहे?"

"शेंगदाण्याची चिक्की घे," मी म्हटलं.

त्याने फळ्यावर चिक्की शोधली. ती मी लिहिलीच नव्हती.