मिरजेची मंडळी-स्थापना परिषद: मिशनसाठी आर्थिक आधार शोधायला जाणाऱ्यांना

गावोगाव नवी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, उभी करणाऱ्यांची ही परिषद. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी महालक्ष्मी एक्सप्रेस धरावी. रात्रीची झोप गाडीत होते, पहाटे मिरज जंक्शनला उतरलं की आंघोळ-नाश्ता उरकून पहिल्या सत्राला वेळेत बसता येतं. स्वतःच्या गाडीने यायचं तर पेठ नाक्याला महामार्ग सोडून आष्टामार्गे सांगली, आणि पुढे मिरज दहा-बारा किलोमीटर. सातारकरांनो, आपलं स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. अवेळची गाडी असेल तर रिक्षा आधीच सांगून ठेवा. पावसाळ्यातली परिषद असेल तर निघण्यापूर्वी सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी बघायची. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. चाळिशी ओलांडली की रस्त्यांचा भरवसा धरू नये.

मुक्कामाची सोय परिषदेत असते, पण ती हॉलमधली, सतरंजीवरची. लॉज हवा असेल तर आठवडाभर आधी फोन करा. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी इथे मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, आणि स्टेशनजवळच्या खोल्या पेशंटच्या नातेवाइकांनी भरलेल्या असतात. जागा मिळालीच नाही तर सांगलीत राहून ये-जा करता येते.

तीन दिवसांतला पहिला दिवस बहुतेक स्वागत आणि भाषणांचा. त्यातलं एकच सत्र चुकवू नये, ते स्वावलंबी, स्वशासित आणि स्वप्रसारक मंडळीवरचं. विषय जुना आहे. अमेरिकन बोर्ड या मिशन-संस्थेचे रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारतात येऊन गेले ते हाच आग्रह घेऊन, आणि सातारा-वाईचं मिशन त्याच बोर्डाचं. सांगली-मिरज-कोल्हापूर प्रेसबिटेरियन या दुसऱ्या पंथाच्या मिशनकडे होतं. ही वाटणी जुन्या घराण्यांच्या अजून लक्षात आहे. ‘तुमच्या तालुक्यात कुणीच काम करत नाही’ असं स्टेजवरून बोलण्याआधी त्यांच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारलेलं बरं. बहुतेक वेळा कुणीतरी करत असतं.

खरी किंमत दुसऱ्या दिवशीच्या तालुकावार बैठकांना. जतच्या गटात पहिला प्रश्न भाषेचा निघतो: पूर्व भागातल्या गावांत कन्नड लागते, नुसत्या मराठीवर घरात शिरता येत नाही. ऊसपट्ट्यातल्या गटात हंगामाचा प्रश्न. तोडणीच्या टोळ्या दिवाळीच्या आसपास येतात आणि गाळप संपलं की गावी जातात. त्यांच्यात सुरू केलेली प्रार्थनेची संगती उन्हाळ्यात रिकामी पडते. यात सुवार्तिकाचा, म्हणजे प्रचारकाचा, दोष नसतो. त्यांची मूळ गावं विचारून तिथल्या पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) दुवा जोडून द्यायचा, एवढंच त्यावरचं काम.

काम का फसतं, यावर याच बैठकांत मोकळेपणी बोललं जातं. सर्वांत जास्त फसतं ते भाड्याचा हॉल आणि साउंड सिस्टीमने सुरुवात केली की. दहा कुटुंबांच्या अर्पणातून हॉलचं भाडं कधीच निघत नाही, मग सुवार्तिक कायमचा बाहेरच्या पैशावर राहतो. दुसरं म्हणजे शेजारच्या मंडळीतली माणसं जीपमध्ये घालून आणणं. रविवारी गर्दी दिसते, जीप बंद झाली की मंडळीही बंद. घरातल्या संगतीपासून सुरू करावं आणि पहिल्या वर्षातच गावातल्या दोघातिघांना बायबलचं वचन वाचायला, प्रार्थना चालवायला द्यावं. ते अडखळतात. अडखळू द्यावं.

आता आधाराचं. स्टेजवर दोन मिनिटांची साक्ष देऊन पैसे येत नाहीत. ते जेवणाच्या रांगेत आणि चहाच्या टेबलाशी ठरतात, आणि तेव्हा हातात एक पान लागतं. एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं नको. त्यावर गाव, काम काय, कोणत्या मंडळीने पाठवलं, कोणत्या ट्रस्टखाली काम चालतं, दोन पाळकांची नावं (त्यांना विचारून), प्रार्थनेचे तीन मुद्दे आणि महिन्याचा हिशेब. पन्नास प्रती पुरतात. बाप्तिस्म्याचे फोटो आणि नव्या विश्वासणाऱ्यांची नावं त्यावर टाकू नयेत. पान कुणाच्याही हाती जातं, आणि त्रास गावातल्या माणसाला होतो.

हिशेब कसा मांडायचा? तालुक्याच्या गावी राहणाऱ्या कुटुंबाचा एक नमुना घ्या: घरभाडं ४,०००, घरखर्च १२,०००, मोटरसायकलचं पेट्रोल २,५००, शाळा २,०००, औषधपाणी १,५००, पुस्तिका व चहापाणी १,५००, राखीव २,५००. एकूण २६,०००. याची फोड अशी होऊ शकते: चार मंडळ्या प्रत्येकी २,५००, वीस कुटुंबं प्रत्येकी ५००, तीस जण प्रत्येकी २००. म्हणजे मदतीची चोपन्न वचनं. काही गळणारच, म्हणून सत्तरच्या आसपास धरून चालावं. ‘प्रभू पुरवील’ एवढंच लिहिलेलं पान लोक आदराने घेतात आणि बॅगेत ठेवून देतात. दोनशे रुपयांना कुणी हसू नये: मिझोरममधल्या बायका १९१० पासून स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढत आल्या आहेत, आणि त्यावर तिथल्या मंडळीची सेवकाई (धर्मकार्य) उभी राहिली.

परदेशी पाहुण्यांच्या मागे धावणाऱ्यांनी कायदा समजून घ्यावा. परकीय देणगी घ्यायला एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) खालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेली संस्थाही तो पैसा दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्यामुळे ‘मोठ्या ट्रस्टकडून आमच्याकडे फिरवा’ हा मार्ग बंद आहे. मंडपात पाहुण्याने प्रेमाने हातात ठेवलेली डॉलरची नोट हीसुद्धा परकीय देणगीच. दुबईतल्या भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईचा असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही.

देशातला पैसाही स्वतःच्या फोनच्या क्यूआरवर घेऊ नये. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात ५०,००० रुपयांवर भेटी आल्या की सगळी रक्कम तुमचं करपात्र उत्पन्न होते. वरच्या हिशेबात ही मर्यादा दोन महिन्यांत ओलांडली जाते. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या ट्रस्टच्या खात्यात घ्या, पावती द्या, ट्रस्टने मानधन द्यावं. पानावर ‘८०जी’ (देणाऱ्याला मिळणारी आयकर सवलत) छापण्याआधी त्या ट्रस्टचं प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. केवळ धार्मिक कामाच्या ट्रस्टला ही सवलत नसते, आणि देणाऱ्याला हे मार्चमध्ये कळलं की एप्रिलपासून त्याचा फोन लागत नाही.

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला राहायला आले आणि ‘देवाचा दरबार’ हा भक्तांचा मेळा सुरू केला. परिषदेत त्यांचं नाव दर दुसऱ्या भाषणात येतं, बहुधा ‘पगार सोडा’ हे सांगायला. सांगणाऱ्याचा पगार चालू असतो, तेव्हा टाळ्या वाजवाव्यात आणि आपलं पान वाटत राहावं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर गाड्या पकडायची घाई होते, त्यामुळे भेटी सकाळीच उरका. ज्याने पान घेतलं त्याचं नाव, गाव आणि तो काय म्हणाला हे त्याच दिवशी वहीत. आठवड्याच्या आत फोन, पैशाचा विषय न काढता. पंधरा दिवसांनी त्याच्या मंडळीत रविवारच्या उपासनेत बोलायची वेळ मागायची. वेळ मिळाली तर सात मिनिटं बोलावं. पाळकसाहेबांनी आग्रह करून वाढवून दिली, तरी सातच.