ठकी नौपाड्याला गेली होती

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही ठाण्यातला नौपाडा सोडून तिथल्याच वर्तकनगरला भाड्याच्या घरात आलो. सामान टेम्पोतून गेलं, आई-बाबा भावाच्या गाडीतून आणि ठकीला घेऊन मी रिक्षातून. ठकी आमची कुत्री. गावठी, तांबूस रंगाची, एक कान उभा आणि दुसरा कायम पडलेला. गोखले रोडच्या मागच्या गल्लीत, आमच्याच जिन्याखाली एका पावसाळ्यात सापडलेलं पिल्लू. तिचा सगळा जन्म त्या जिन्यावर गेला.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बाबा तिला फिरवून गेटपाशी आले आणि शेजारच्या सोसायटीत कोणीतरी हजाराची माळ लावली. ठकीने मान आत ओढून घेतली, उलट्या पावली मागे सरकली, पट्टा डोक्यावरून निघाला आणि ती धूम पळाली. पट्टा बाबांच्या हातात तसाच राहिला.

त्या रात्री आमच्या घरात पणत्या लागल्या, पण जेवलं कोणीच नाही. बाबा आणि भाऊ उपवन तलावाच्या बाजूला गेले. बाबांच्या डोक्यात बिबट्या होता. येऊरचं जंगल तिथून हाकेच्या अंतरावर. २०१९ च्या फेब्रुवारीत कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, तो मॉल तर जंगलापासून आमच्या या घराहूनही लांब, भरवस्तीत. कुत्रं हे बिबट्याचं नेहमीचं खाणं. मी आणि वहिनी उलट्या दिशेने, कॅडबरी जंक्शनपर्यंत प्रत्येक टपरीवर फोटो दाखवत गेलो. फटाक्यांचा इतका धूर होता की रस्त्याच्या पलीकडचं दिसत नव्हतं.

भाऊबिजेच्या सकाळी जुन्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या काकांचा फोन आला. "ताई, ठकी तुमच्याकडं आहे ना? मग इथं साइटवर कोण बसलंय?"

इमारत तोवर पाडून झाली होती. चारी बाजूंनी निळे पत्रे, आत विटांचा ढीग, वाकलेल्या सळया, आणि कोपऱ्यात आवळ्याचं झाड तेवढं शाबूत. जिना होता त्या जागी पहिल्या दोन पायऱ्या उरल्या होत्या आणि ठकी त्यांच्या आडोशाला बसली होती. वॉचमनने चपाती टाकली होती, ती तिने खाल्ली होती. पण त्याला तिने जवळ येऊ दिलं नव्हतं. आईने हाक मारल्यावर ती उठली, शेपूट हलवत आली, आईच्या साडीत तोंड खुपसलं आणि मग पुन्हा त्या पायऱ्यांपाशी जाऊन उभी राहिली. आमच्याकडे बघत. वर चला म्हणत होती ती. वर काही नव्हतं. आई तिथेच मातीत बसून रडली.

मी तिचे पाय उचलून पाहिले. पुढच्या दोन्ही पंजांच्या गाद्या सोलल्या होत्या, बोटांच्या फटीत डांबर आणि बारीक खडी रुतली होती. डॉक्टरांनी मलम आणि पायमोजे दिले. मोजे तिने अर्ध्या तासात फाडले.

तिला वाट सापडली कशी, हे माझ्या डोक्यातून जात नाही. वर्तकनगर नाक्यापासून पोखरण रोडने खाली, कॅडबरी जंक्शनला महामार्ग ओलांडायचा, मग खोपट, मग गल्ल्यागल्ल्यांतून नौपाडा. चालत ती हा रस्ता कधीही आली नव्हती. मात्र रिक्षाला दारं नसतात. घर बदललं त्या दिवशी ती सगळा वेळ नाक बाहेर काढून बसली होती. खोपटच्या एसटी स्टँडचं डिझेल, वडे तळण्याचा वास, नाल्यावरची वळणं, कुठल्याशा देवळाबाहेरचा झेंडू. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, कुत्र्याच्या नाकात २० कोटींहून जास्त. आम्ही त्या दिवशी ट्रॅफिकला वैतागलो होतो आणि ती रस्ता पाठ करत होती, असं मला मनापासून वाटतं.

वास एवढंच त्याचं उत्तर नसावं. चेक संशोधकांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी २७ शिकारी कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून त्यांना जंगलात सोडलं होतं. काही कुत्री आल्या वाटेनेच, वास घेत परतली. काहींनी नवीन वाट धरली, आणि त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी परत फिरताना आधी सुमारे २० मीटर उत्तर-दक्षिण धाव घेतली. अशी धाव घेणारी कुत्री मालकापाशी जास्त थेट पोचली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी ती दिशा जुळवून घेत असावीत, असा त्यांचा कयास आहे. आणि आपल्याकडचा 'आजोबा' बिबट्या आठवा. २००९ मध्ये वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं आणि तो सुमारे १२० किलोमीटर चालून, खाडी पोहून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. येऊर त्याच जंगलाची ठाण्याकडची बाजू. ज्या जनावराच्या भीतीने बाबा रात्रभर टॉर्च घेऊन फिरले, त्यालाही स्वतःची वाट अशीच ठाऊक असावी.

मांजरांचं गणित निराळं. हरवलेल्या १,२१० मांजरांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला. सापडलेल्या मांजरांपैकी तीन चतुर्थांश निसटलेल्या जागेच्या ५०० मीटरच्या आतच होती. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंची मनी मीटर रूमच्या मागे सापडली, मध्यरात्री, सगळं शांत झाल्यावर, टॉर्चच्या उजेडात चमकलेल्या डोळ्यांवरून. म्हणून मांजर हरवलं तर आधी स्वतःची इमारत धुंडाळा: डक्ट, पार्किंग, टाकीखालची जागा.

ठकीला आता मायक्रोचिप आहे. तांदळाच्या दाण्याएवढी, कातडीखाली बसवलेली, आत १५ अंकी क्रमांक. ती जनावर कुठे आहे ते सांगत नाही, स्कॅनर फिरवला तरच क्रमांक कळतो. त्यामुळे गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. गावठी कुत्र्याला तर जास्तच हवा. पट्टा निघाला की ती कोणाला पाळलेली वाटत नाही. पट्ट्याऐवजी आता छातीवरून जाणारा हार्नेस घेतला आहे.

रिडेव्हलपमेंटच्या करारात भाडं, कॉर्पस फंड, पार्किंग, सगळं कलमवार लिहिलेलं असतं. घरातल्या जनावराचं घर मात्र जुन्याच पत्त्यावर राहतं, याचा विचार कोणाच्याच यादीत नसतो. ठकीचे पाय बरे झाल्यापासून बाबा तिला रविवारी सकाळी रिक्षाने गल्लीत नेतात. ती पत्र्यांच्या कडेने एक फेरी मारते, आवळ्याच्या बाजूला थांबते, इस्त्रीवाल्या काकांकडून ग्लुकोज बिस्किट घेते आणि आपणहून रिक्षात चढते. पूर्वी चढत नव्हती.

जुन्या गल्लीतली आमच्या समोरची इमारत आता रिकामी होते आहे. तळमजल्यावरच्या आजी मांजरासकट कल्याणला लेकीकडे जाणार. दोघींचे नंबर मी वॉचमनला, दूधवाल्याला आणि काकांना लिहून दिलेत. नौपाडा, चरई, पाचपाखाडीत तुमच्या शेजारी असं पाडकाम चालू असेल, तर येताजाता पत्र्यांमागे एकदा डोकावा. एखादं कुत्रं किंवा मांजर एकाच जागी बसून राहिलेलं दिसलं तर पाणी ठेवा, फोटो काढा आणि त्या जुन्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका. ग्रुप अजून चालू असतो.