पान १८७

परवा दुपारी माळ्यावरचं खोकं खाली काढलं, त्यात वाचनालयाची एक कादंबरी निघाली. परत करायची राहून गेलेली. खाकी पुठ्ठ्याची बांधणी, कण्याला चिकटपट्टी, आतल्या चिठ्ठीवर तारखांचे जांभळे शिक्के. शेवटचा १९८४चा.

म्हणजे हा माझाच गुन्हा. "पुस्तक बदलून आण" हे काम घरात माझ्याकडे होतं. काकू पिशवी हातात द्यायची आणि बजावायची, "रडकं नको, आणि नायक फार शहाणा नको." ना. सी. फडक्यांचे नायक तिला मानवत नसत. "सगळे कसे इस्त्री करून ठेवलेले," म्हणायची. तिला बिघडलेले लागत. गैरसमज करून घेणारे, पत्र फाडून टाकणारे, ऐन वेळी गप्प बसणारे. चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या गादीखाली असत. त्यांच्या 'श्यामा'तला निशिकांत तर तीन बायकांत अडकलेला कवी, पेशाने शाळामास्तर. त्या कथेवरून अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली थेट सर्वोच्च न्यायालयाने लेखकाला सोडलं. एका भांबावलेल्या मास्तरसाठी दिल्लीच्या न्यायमूर्तींना मराठी प्रेमकथेत डोकं घालावं लागलं, याची मला अजून गंमत वाटते.

साहेबाच्या देशातही हाच प्रकार. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मधला तो डार्सी १८१३पासून मागणी घालतोय, आणि घालताना मुलीचं घराणं किती हलकं ते आधी ऐकवतोय. आपल्याकडे कांदेपोह्यांना बसून कुणी असं बोलला असता, तर हातातली बशी काढून घेतली असती. पण पुस्तकात तोच आवडतो. का, तर पुढे कधीतरी तो खाली मान घालून येणार, हे आपल्याला ठाऊक असतं. त्या एका पानासाठी आपण त्याचा दोनशे पानांचा उर्मटपणा सोसतो. (मी तर शेवटचं पान आधी वाचतो. शरण येणार नसेल, तर वेळ कशाला घालवा?)

असो. पुस्तक चाळलं. नायक कुणाला न सांगता मुंबईला निघून जातो, तिथे समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "बोल की मेल्या!" त्याखाली निळ्या बॉलपेनने, वेगळ्या अक्षरात: "नाही बोलणार. पान १८७ पाहा."

पेन्सिलीचं अक्षर ओळखीचं वाटलं. तो शेपूट ओढलेला 'ल'. दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर रोज दिसायचा.

काका तसे वाईट नव्हते. चहात साखर जास्त पडली की बोलायचे नाहीत, फक्त एका बोटाने कप पुढे सरकवायचे आणि चपला घालून बाहेर पडायचे. संध्याकाळी यायचे ते वर्तमानपत्र उघडूनच. काकू तो कप उचलून मोरीत ओतायची आणि हात पुसून पुस्तक घेऊन खिडकीत बसायची. आम्हा मुलांना वाटे, काकूला वाचनाचा नाद आहे.

१८७ उघडलं. नायक म्हणतो, "चुकलं माझं." शेजारी शेरा नाही. पेन्सिलीची एक बारीक टिकली, दुधाचे पैसे चुकते झाले की कॅलेंडरवर करायची तशी.