ऑईलचा लाल दिवा

डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा पेटला की इंजिन ताबडतोब बंद करावे, असे मी प्रत्येक ग्राहकाला सांगतो. गेल्या मे महिन्यात एका निवृत्त शिक्षकांनी नेमके तेच केले आणि वर्धा रोडवरून त्यांची जुनी पेट्रोल गाडी टोचन करून माझ्या गॅरेजमध्ये आली. आधीच्या मेकॅनिकने ऑईल प्रेशर स्विच बदलला होता. तरीही दिवा मधूनमधून पेटतो म्हटल्यावर बेअरिंग झिजून ऑईलचा दाब पडतो आहे आणि इंजिन उघडावेच लागेल, असे त्याने सांगितले होते. “भाऊ, उघडायचंच असेल तर उघडा, पण आधी खात्री करून घ्या,” सर म्हणाले.

नुसत्या दिव्यावरून इंजिन उघडणे मला कधीच पटलेले नाही. डिपस्टिकवर ऑईलची पातळी बरोबर होती. स्विच काढून त्या जागी दाब मोजणारा गेज लावला आणि इंजिन पूर्ण तापू दिले, कारण ऑईल पातळ झाल्यावरच खरा दाब कळतो. आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता, गेज १ बारच्या वर आणि २००० आरपीएमला ३ बारच्या जवळ होता. इंजिन निरोगी होते.

या गाडीत दिव्याकडून स्विचपर्यंत एकच वायर जाते. दाब नसताना स्विच ती वायर इंजिनच्या ब्लॉकला जोडून अर्थिंग देतो आणि दिवा लागतो, साधारण ०.३ ते ०.५ बारला संपर्क सुटून दिवा विझतो. त्यामुळे ती वायर वाटेत कुठेही बॉडीला टेकली, तरी दिवा तसाच लागतो.

वायर मोकळी लोंबकळत असताना किल्ली चालू केली, तेव्हा दिवा विझलेला होता. इंजिन सुरू केले, तरीही विझलेलाच. मग गॅरेजमधल्या मुलाला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितले. इंजिन मागे झुकले, गेजचा काटा जागचा हलला नाही आणि दिवा मात्र लुकलुकला. स्विच जोडलेलाच नव्हता, तेव्हा दोष वायरमध्येच होता.

हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हाताने चाचपत इंजिनच्या मागच्या ब्रॅकेटपाशी पोहोचलो. क्लॅम्प गळून पडलेला, वायरवरची स्लीव्ह कडक होऊन तडकलेली आणि ब्रॅकेटच्या कडेवर घासून चकचकीत झालेला डाग. त्या जागी वायरचे तांबे उघडे पडले होते. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणाऱ्या आपल्या शहरात बॉनेटखालचे प्लास्टिक आणि रबर फार सोसते. इंजिन ज्यावर बसते त्या माउंटिंगचे रबरही फाटले होते. इंजिन एवढे झुकत होते ते त्यामुळेच. नुसती टेप गुंडाळली असती, तर वायर पुन्हा घासली असती. म्हणून तेवढा तुकडा बदलून सोल्डर केला, नवी स्लीव्ह चढवली, क्लॅम्प लावला आणि माउंटिंगही बदलले.

स्विच जोडून झाल्यावर सरांना स्टिअरिंगवर बसवले. किल्ली फिरवताच दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला. काही जण कटकट नको म्हणून ही वायरच काढून ठेवतात. मग ऑईल खरोखर संपले तरी दिवा लागत नाही आणि इंजिन जाम होते. म्हणून सरांना सांगितले की, रोज किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो का ते आधी पाहा, आणि ज्या दिवशी लागणार नाही त्या दिवशी गाडी सुरू न करता मला बोलवा.