रत्नागिरीची असून समुद्र बघायला जेनोवाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न एकच आहे पण विचारणारे बरेच, आत्या, शेजारच्या काकू, पुढच्या वर्षी इकडे यायचं म्हणणारा कॉलेजचा ज्युनियर, सगळे फिरून तिथेच येतात. "अगं तुझं घर मांडवीला, दोन मिनिटं चाललं की समुद्र, आणि तू युरो मोजून समुद्र बघायला गेलीस?"

हो, गेले. मी शिकते इटलीत, तोरिनोला. इथे समोर आल्प्स दिसतात, पो नदी आहे, फक्त समुद्र नाही. सप्टेंबरात आले ते मे उजाडला तरी खारा वारा म्हणून अंगाला लागला नव्हता. त्यात नागपूरचा एक मित्र आहे, त्याने जन्मात समुद्र एकदाच पाहिला होता, तोही जुहूला, तो महिनाभर मागे लागला होता की चल बे, चल बे. शेवटी आम्ही चौघं निघालो, मी, तो, माझी इराणी रूममेट आणि पुण्याची एक, जिने हॉस्टेलपासून ट्रेनपर्यंत सगळं एक्सेल शीटमध्ये घातलं होतं (पुण्याची म्हटल्यावर अजून काय सांगू).

साध्या गाडीने दोन तास लागतात. अलेस्सांद्रियापर्यंत सपाट शेतं, मग डोंगर आणि एकामागून एक बोगदे. मला एकदम आपली कोकण रेल्वेच आठवली. करबुडेच्या साडेसहा किलोमीटरच्या अंधारातून बाहेर आलं की आम्ही पोरं ओरडायचो, तशी मी इथेही खिडकीला नाक लावून बसले. समुद्र काही दिसला नाही, बोगद्यातून थेट स्टेशनातच. बाहेर आलो तर कोलंबसाचा पुतळा, गावचाच ना तो.

जुनं जेनोवा म्हणजे नुसत्या गल्ल्या. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतक्या अरुंद, वर पाच-सहा मजले, दोरीवर वाळत घातलेले कपडे, आणि खाली दुपारी बारालाही ऊन नाही. गाव डोंगरउतारावर चढत गेलंय म्हणून तिथे चक्क सार्वजनिक लिफ्ट आहे, बससारखी. तिने कास्तेलेत्तोला वर गेलो तर खाली करड्या पाटीच्या दगडाची छपरं, त्यापलीकडे बंदर आणि लांतेर्ना, ७७ मीटरचं दीपगृह, आत्ताचं बांधकाम १५४३ सालचं. मी अभिमानाने सांगितलं की आमच्याकडेही भगवती किल्ल्याजवळ दीपगृह आहे, कोणी फार मनावर घेतलं नाही. अ‍ॅक्वेरियम बाहेरूनच पाहिलं. कोलंबसाच्या सफरीला ५०० वर्षं झाली म्हणून १९९२ मध्ये बांधलेलं मोठं प्रकरण आहे, पण तिकीट बघून एक्सेल शीटनेच नाही म्हटलं.

खाण्याबद्दल मात्र बोलायलाच हवं. सकाळी तिथली माणसं फोकाच्चा, म्हणजे मिठाचा तेलकट जाड पाव, कॉफीत बुडवून खातात. पुण्याच्या बाईंनी नाक मुरडलं, मी मुकाट्याने बुडवला, आम्ही चहात बटर बुडवून वाढलेली माणसं. दुपारी फारिनाता. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, पीठ बरेच तास भिजत ठेवायचं आणि मग तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत ढकलायचं. वरून खरपूस, आत मऊ. नागपूरकराने पहिला घास घेतला आणि म्हणाला, "हे तर बेसनाचं धिरडं आहे बे, मिरची कुठाय?" मग माझ्या बॅगेतली लोणच्याची बाटली निघाली. दुकानदार बघत होता, बघू दे.

संध्याकाळी चालत बोक्कादास्सेला गेलो. जुना कोळीवाडाच तो, रंगीत घरं, ओढून ठेवलेल्या होड्या, आणि वाळूऐवजी गोटे. मी स्लिपर घालून गेले होते, पंधरा पावलांत एकीचा अंगठा तुटला, चूक माझीच. पाण्याजवळ बसलो आणि मी सवयीने नागपूरकराला म्हटलं, बूट वर ठेव, भरती येईल. त्याने ठेवले. मी एक पांढरा पट्टा असलेला दगड हेरला, अर्धा पाण्यात अर्धा बाहेर, लहानपणी मांडवीला हेरायचे तसा. पाच वाजले, सहा वाजले, साडेसात झाले, मे महिन्यात तिथे उजेड जाता जात नाही. दगड तिथेच, पट्टा तिथेच.

मग ट्यूब पेटली. भूगोलात शिकलेलं होतं की हो, भूमध्य समुद्र म्हणजे जवळपास बंद डबा, जिब्राल्टरची चौदा-एक किलोमीटरची फट सोडली तर महासागराची भरती आत शिरायला वाटच नाही. पाणी चढलं-उतरलं तरी वीत-दीड वीत. आमच्याकडे उधाणाला दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, घरात कॅलेंडरवर तिथी बघून कामं ठरतात, अमावस्या जवळ आली की कोण कुठे जाणार ते आधीच माहीत असतं. आणि हा वासही नव्हता तिथे, ओहोटीनंतर उघड्या पडलेल्या खडकांचा, शेवाळाचा, चिखलाचा, ज्याला पाहुणे नाक दाबतात. मी जेनोवाला नेमका तोच घ्यायला गेले होते, हे मला त्या दगडाकडे बघत बसल्यावर कळलं.

इराणी रूममेट म्हणाली, किती शांत समुद्र आहे ना. मी हो म्हटलं.

रात्री हॉस्टेलवरून घरी व्हिडिओ कॉल लावला तर तिकडे रात्रीचे दोन वाजलेले, कोणी उचलला नाही. सकाळी आजीचाच फोन आला. फोटो बघून झाले, होड्या आवडल्या, मग नेहमीचा प्रश्न, "ओहोटीला गेला होतात की भरतीला?" म्हटलं, आजी, इथे भरती-ओहोटी नसल्यातच जमा. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "मग ही माणसं खडकावरची कालवं कधी काढतात गो?"