एक आडवी रेघ आणि बारावी पिन

मिरजेला बाबांचा जुना डेस्कटॉप आहे. त्यावर मी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती घालून दिली होती. दिवाळीत टेबल खिडकीकडे सरकवलं, वायर पुरेना म्हणून माळ्यावरच्या खोक्यातली मॉनिटरची लांब व्हीजीए केबल लावली. त्याच दिवशी बरेच दिवस तुंबलेले अपडेटही घातले. मशीन पुन्हा सुरू केलं तर १३६६ बाय ७६८ पिक्सेलांचा मॉनिटर १०२४ बाय ७६८ वर अडकलेला. उंची तीच, रुंदी ताणलेली. अक्षरांवरून कुणी लाटणं फिरवल्यासारखं. खापर अर्थातच अपडेटवर फोडलं.

डिस्प्ले सेटिंगमध्ये १०२४ च्या वर काही दिसेचना. मग आज्ञा टाइप करायचं टर्मिनल उघडून सीव्हीटी या पडद्याचे आकडे काढून देणाऱ्या प्रोग्रामला १३६६ बाय ७६८ चा मोड मागितला, तर त्याने १३६८ चा काढून दिला! सीव्हीटी रुंदीला आठने भाग जाईल असा आकडा धरतं आणि १३६६ ला तो जात नाही. म्हटलं, दोन पिक्सेलांसाठी कुठे भांडत बसायचं. एक्सरँडर या पडद्याची सेटिंग बदलणाऱ्या प्रोग्रामने तो मोड आधी तयार केला, मग व्हीजीएच्या पोर्टला जोडला, मग चालू केला. मॉनिटरचं ऑटो बटण दाबल्यावर चित्र जागेवर बसलं. याच तीन आज्ञा आपोआप चालाव्यात म्हणून स्टार्टअपमध्ये टाकल्या आणि चहाला गेलो.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "अरे, आत गेल्यावर बरा दिसतो, पण दारातच असा सुजलेला का?"

बरोबरच होतं त्यांचं. पासवर्ड विचारणारा पडदा बाबांच्या खात्याचा नसतोच. मिंटमध्ये तो लाइटडीएम नावाचं वेगळं सॉफ्टवेअर दाखवतं, तेही कुणी लॉगिन करायच्या आधी. बाबांच्या होम फोल्डरमधली सेटिंग त्याच्या गावीही नसतात. (नोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्येही हीच गत. तिथे लाइटडीएमच्या जागी जीडीएम असतं आणि पडद्याची सेटिंग असलेली आपली मॉनिटर्स डॉट एक्सएमएल ही फाइल त्याच्या कॉन्फिग फोल्डरमध्ये नेऊन ठेवली की बहुतेक वेळा भागतं. इथे तेवढ्यावर भागणारं नव्हतं.)

लाइटडीएमच्या कॉन्फ, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये सीट विभागाखाली 'डिस्प्ले-सेटअप-स्क्रिप्ट' अशी ओळ लिहिता येते. त्या ओळीत नाव दिलेली स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, पडदा दिसण्याआधी रूटच्या, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या अधिकाराने चालते. मी त्याच तीन आज्ञांची नवी स्क्रिप्ट लिहिली, चालवायची परवानगी दिली, मशीन रीस्टार्ट केलं.

पूर्ण काळोख. लॉगिनचा पडदाच नाही.

बाबा मागेच उभे. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबलं, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली तेव्हा जीव भांड्यात पडला. लाइटडीएमच्या नोंदींची फाइल, म्हणजे लॉग वाचला: स्क्रिप्ट अपयशी, म्हणून सगळंच थांबवलं. पोर्टचं नाव मी माझ्या जुन्या वहीतून उतरवलं होतं, 'व्हीजीए१'. ते जुन्या इंटेल ड्रायव्हरचं नाव. आताचा ड्रायव्हर त्याच पोर्टला 'व्हीजीए-१' म्हणतो. सकाळी टर्मिनलमध्ये समोर दिसलं तेच नाव टाइप केलं होतं, म्हणून चाललं. शिवाय तिन्ही आज्ञा मी एकमेकींना बांधलेल्या; एक अडली की स्क्रिप्ट अपयशाचा कोड परत करणार, आणि तसं झालं की लाइटडीएम पुढे जातच नाही. नॅनो या एडिटरमध्ये स्क्रिप्ट उघडून पोर्टच्या नावात आडवी रेघ घातली, शेवटी 'एक्झिट ०', म्हणजे 'सगळं ठीक' असा कोड लिहिला, म्हणजे पुढे काहीही चुकलं तरी निदान पासवर्डचा पडदा तरी येईल. रीस्टार्ट केलं, लॉगिनचा पडदा सडपातळ.

निघायच्या दिवशी झाडताना केबल निघाली. पुन्हा लावताना सहज पिना मोजल्या. पंधरा हव्यात, नववी बऱ्याच केबलींना नसतेच, म्हणजे चौदा. माझ्या भरल्या तेरा. बारावी मुळातून तुटलेली. मॉनिटर आपलं रिझोल्यूशन, आकार वगैरे ओळख १२८ बाइटांत संगणकाला कळवतो, ती माहिती याच पिनेवरून जाते. ती आलीच नाही, म्हणून बिचाऱ्या संगणकाने १०२४ धरलं. अपडेटचा काही संबंधच नव्हता.

बाजारातून नवी केबल आणली, स्क्रिप्टची ओळ आणि स्टार्टअपमधल्या आज्ञा बंद केल्या. आत-बाहेर दोन्हीकडे नीट १३६६.

बाबांनी तुटकी केबल उजेडात धरून पाहिली. "म्हणजे दोन दिवस तू वायर बघितलीच नाहीस?"